धाप लागणाऱ्यांचा व्यायामवर्ग : पुण्यातील एका श्वसन-पुनर्वसन केंद्राविषयी

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार झालेल्या माणसाला जिना चढताना धाप लागते, धापेच्या धास्तीने तो चालणे टाळतो, न चालल्यामुळे मांड्यांचे स्नायू झिजतात आणि अशा दुबळ्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल लवकर साठू लागल्याने धाप आणखी लवकर लागते. माझ्या आईचे नेमके हेच झाले होते. तिने कधी विडीला हात लावलेला नाही. गावी चुलीपुढे गेलेली वर्षे तिला भोवली, असे छातीच्या डॉक्टरांचे मत पडले आणि त्यांनीच आम्हाला या केंद्रात पाठवले. वर्ग आठ आठवड्यांचा असून आठवड्यातून दोनदा भरतो.

फुप्फुसे पूर्ववत होतील असे आश्वासन येथे कोणी दिले नाही, हे मला सर्वांत आवडले. व्यायामाने स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या चाचणीचे, आकडे सहसा सुधारत नाहीत, सुधारते ती स्नायूंची ताकद आणि दम, हे फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. त्यानंतर ३० मीटरच्या मार्गिकेत सहा मिनिटे चालण्याची चाचणी झाली. धाप किती लागली हे ० ते १० च्या बोर्ग मापनपट्टीवर आईनेच सांगायचे होते. पट्टीवर ४ ते ६ पर्यंत धाप लागली तरी चालत राहायचे, रक्तातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरवर आकडा ८८ टक्क्यांच्या खाली आला की थांबायचे, असा नियम तिला ठरवून दिला गेला. कोणत्या धापेला घाबरायचे आणि कोणत्या धापेला नाही, हे तिला प्रथमच कळले. माझ्या मते शुल्क वसूल झाले ते इथेच. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे आणि हात डोक्याच्या वर नेण्याचे व्यायाम हेही शिकवतात. वेणी घालताना किंवा दोरीवर कपडे वाळत टाकताना दम का लागतो, याचा उलगडा त्यातून झाला, कारण हात उचलले की श्वासाला मदत करणारे खांद्यामानेचे स्नायू त्या कामात गुंततात. शेवटच्या चाचणीत तिचे अंतर ३० मीटरहून अधिक वाढले. एवढी वाढ रुग्णाला स्वतःला जाणवण्याजोगी मानली जाते, आणि मंडईतून परतताना ती आता वाटेत बसत नाही.

उणिवाही आहेत. इन्सुलिन घेणारे काही जण वर्गात होते, पण व्यायामापूर्वी त्यांची साखर तपासण्याची पद्धत नव्हती. ती ७० च्या खाली घसरण्याचा धोका लक्षात घेता हा हलगर्जीपणाच म्हणावा लागेल. त्याहून मोठी त्रुटी म्हणजे वर्ग संपल्यावर हातात केवळ एक झेरॉक्स कागद पडतो. व्यायाम सुटला की कमावलेली क्षमता वर्षभरात ओसरू लागते, हे ठाऊक असूनही महिन्यातून एखादी फेरतपासणी ठेवलेली नाही.

तरीही घराबाहेर पडणे बंद झालेल्या सीओपीडीच्या रुग्णाला मी येथे जाण्यास सुचवीन. मात्र छातीत दुखत असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर नाव नोंदवण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घ्यावी. इनहेलर न विसरता सोबत ठेवावा आणि सकाळची तुकडी फार भरते, म्हणून दुपारची वेळ मागून घ्यावी.