ताशी आठ किलोमीटर, पण वाटेत लॉक किती ते आधी विचारा

दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यू मिदी या जुन्या कालव्यावर सप्टेंबरात आठवडाभर बोट भाड्याने घेतली. हे, मी आणि आमच्या वन्सं. परवाना लागत नाही म्हणतात, ते खरं आहे. कंपनीचा माणूस वीस मिनिटं समजावतो, त्यातली दहा संडासाच्या पंपावर जातात, आणि किल्ली हातात ठेवून तो निघून जातो.

बोट छान होती. मार्ग मात्र चुकीचा गळ्यात मारला. कास्तेलनोदारी ते कापेस्तां, साधारण 120 किलोमीटर. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी 8 किलोमीटर, म्हणजे पंधरा तासांचं काम, आठवड्यात आरामात होईल, असा हिशोब त्यांनी मांडला. लॉकचा, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांचा, विषयच काढला नाही!

कास्तेलनोदारीच्या तळ्यातून बाहेर पडलो तर समोर एकाखाली एक चार लॉक. हे लॉक चौकोनी नसतात, मधे पोट सुटलेले, लंबगोल. कालवा बांधणाऱ्या रिकेच्या सुरुवातीच्या एका लॉकच्या सरळ भिंती ढासळल्या होत्या, म्हणून पुढचे मातीचा दाब पेलावा असे कमानदार केले. 1666 ते 1681 या काळातलं हे काम अजून चालू आहे याचं कौतुकच, पण त्या गोलाव्यात सरळ बोट भिंतीला नीट टेकत नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांनी दोर खुंटाला घट्ट गाठ मारून बांधला. पाणी उतरायला लागलं, बोट मात्र एका बाजूने भिंतीला लोंबकळू लागली. आत भांडी धडाधड खाली. लॉकवाला वरून ओरडतोय, “लाशे! लाशे!” वन्सं घाबरून म्हणाल्या, “अगंबाई, कुणाची लाश?” सोडा, सोडा म्हणत होता बिचारा. त्याने झडपा थांबवल्या म्हणून वाचलो. दोर खुंटाभोवती नुसता फिरवून हातात धरायचा आणि पाण्याबरोबर सैल सोडत जायचा, हे वीस मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं का? हातमोजे मात्र घरूनच न्या. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही तळव्यांना फोड होते.

एकेका लॉकला रांग धरून पंधरा-वीस मिनिटं, आणि साडेबारा ते दीड लॉकवाले जेवायला. पहिल्या दिवशी हे घड्याळ बघत चरफडत होते. तिसऱ्या दिवशी बारा वाजताच म्हणाले, “आता लॉक गाठायची घाई नको, इथेच थांबू.” एका लॉकघराच्या खिडकीत टोमॅटो आणि नाणी टाकायला पत्र्याचा डबा ठेवला होता. ते टोमॅटो, पाव आणि चीज घेऊन काठावर बसलो. जेवून लॉकवाला कधी आला कळलंही नाही.

फोटोत बघून सावलीची स्वप्नं पाहत असाल तर जरा थांबा. काठच्या प्लेन नावाच्या, चिनारच्या जातीतल्या झाडांना बुरशीचा रोग आहे. कालव्यावर तो 2006 मध्ये सापडला, तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली. काही पट्टे अगदी उघडे, तिथे नवी रोपं. दोर झाडाला बांधायचा नाही, सालीला जखम झाली की रोग शिरतो. बोटीत लोखंडी मेखा आणि हातोडा असतो, तोच वापरा. आमच्या बोटीतल्या हातोड्याचा दांडा हलत होता, तेवढं तपासून घ्या.

पाचव्या दिवशी आर्जांसचा लॉक ओलांडला आणि सगळं पालटलं. तिथून बेझिए शहराजवळच्या फोंसेरान लॉकपर्यंत 54 किलोमीटर एकही लॉक नाही. डोंगराच्या कडेने वळणं घेत कालवा द्राक्षमळ्यांतून जातो. ल सोमाई गावात दगडी पुलाशेजारी बोट लावली. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात हे गेले ते दीड तासाने आले, तेही एकही पुस्तक न घेता. कापेस्तांचा पूल इतका बुटका की छत दुमडून तिघंही माना खाली घालून बसलो. वन्संनी डोळेही मिटले होते.

पाचपैकी साडेतीन तारे. बोटीला साडेचार, सल्ल्याला दोन. डिझेलचे पैसे इंजिन चाललेल्या तासांवर लागतात, म्हणून लॉकच्या रांगेत इंजिन बंद ठेवा. आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर आर्जांसच्या पुढूनच बोट मागा. कंपनी वरच्या टप्प्याचा आग्रह धरेल, तेव्हा त्यांना एकच विचारा: लॉक किती?