मारुती 800 चा स्टँडर्ड रिंग सेट: माल चोख, पाकीट अर्धवट

जळगावात स्पेअर पार्टच्या दुकानात 796 सीसी इंजिनाचा रिंग सेट (पिस्टनवर बसणाऱ्या रिंगांचा) मागितला की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "स्टँडर्ड की ओव्हरसाइझ?" याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. ओव्हरसाइझ म्हणजे कापून मोठ्या केलेल्या सिलिंडरसाठीचा. हा अभिप्राय स्टँडर्ड, म्हणजे 68.5 मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) सेटचा आहे. पाचपैकी साडेतीन गुण.

मालात खोट नाही. टॉप रिंग क्रोमची, चकचकीत. दुसरी बिडाची, काळपट. ऑइल रिंग तीन तुकड्यांची, दोन पातळ पट्ट्या आणि मधे त्यांना बाहेर दाबणारा जाळीदार एक्स्पांडर. वरच्या दोन्ही रिंगांवरची खूण स्पष्ट वाचता येते (खुणेची बाजू नेहमी वर). टोकं स्वच्छ कापलेली आहेत, कुठे कोर राहिलेली नाही. गुण कापले ते पाकिटासाठी. गॅपच्या (बोअरात बसवल्यावर रिंगेच्या दोन टोकांत उरणाऱ्या फटीच्या) मापाचा कागद नाही आणि तिन्ही सिलिंडरच्या रिंगा एकाच तेलकट पुडक्यात गुंडाळलेल्या. घरी काम करणाऱ्याला कागद हवाच. साधा हिशेब असा: बोअर गुणिले 0.004, म्हणजे गॅप साधारण 0.27 मिमी. 0.15 पेक्षा कमी भरला तर इंजिन तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअर खरवडते किंवा मोडते. भुसावळच्या मे महिन्यात तर ही जोखीम घेऊच नये. घासायचंच झालं तर एकाच टोकाला, बाहेरून आत. उलटं घासलं की क्रोमचा टवका उडतो.

पण सेट घेण्याआधी दोष रिंगांचाच आहे का ते बघा. फक्त सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. चालत्या गाडीत रेस दिली की धूर येतो, ऑइलच्या झाकणातून वाफ फुकते, तेव्हा रिंगांकडे वळा. कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग-बोअर गेलं. जागचा हलला नाही तर हेड उतरवून व्हॉल्व्ह बघा.

आता बोअर. काळ्या मातीची धूळ एअर फिल्टरच्या ढिल्या बुडातून आत गेली की सिलिंडरचा वरचा भाग सगळ्यात आधी झिजतो. बोअर गेज नसला तरी सेटमधली एक रिंग पुरते. उलट्या पिस्टनने ती सरळ ढकलून आधी तळाशी, मग वरच्या कडेखाली बसवा आणि दोन्हीकडे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) गॅप घ्या. दोन आकड्यांतल्या फरकाला 3.14 ने भागलं की बोअरची झीज निघते. म्हणजे गॅपमध्ये 0.16 चा फरक असेल तर झीज 0.05 मिमी. ती 0.10 च्या पुढे गेली तर हा सेट परत करा, बोअरिंगवाल्याकडे ब्लॉक द्या आणि 0.25 किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइझचे पिस्टन-रिंग एकत्रच घ्या. झिजलेल्या स्टँडर्ड बोअरात ओव्हरसाइझ रिंग घासून बसवायचा जुगाड काही गॅरेजवाले सुचवतात. रिंगेची गोलाई बोअरशी जुळत नाही, थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा ऑइल खाते.

बोअर बरा असेल तर वर न झिजता उरलेली कड काढून मगच पिस्टन वर ढकला. पिस्टनच्या खाचांतला कार्बन जुन्या मोडक्या रिंगेने खरवडा. नव्या टॉप रिंगेशी खाचेचा ढिलेपणा 0.12 मिमीपेक्षा जास्त भरला तर पिस्टनच बदला. होनिंग (बोअर दगडाने हलकं घासणं) गाडीतच करायचं असेल तर क्रँकवर ऑइलचं फडकं घट्ट दाबून ठेवा, नाहीतर दगडाची पूड बेअरिंगात जाते. नंतर बोअर साबणाच्या पाण्याने धुवा; नुसत्या पेट्रोलने ती पूड निघत नाही. पांढरं कापड फिरवून काळं होईनासं झालं की लगेच ऑइल लावा.

बसवताना सगळ्यात जास्त घोळ एक्स्पांडरमध्ये होतो. त्याची टोकं एकमेकांना टेकायला हवीत, एकावर एक चढता कामा नयेत. चढली तर नव्या रिंगांतूनही धूर येतो आणि शिव्या सेटला बसतात. गॅप एकाखाली एक ठेवू नका, 120 अंशांवर फिरवा. पिस्टनवरचा बाण क्रँक पुलीकडे. रॉडच्या बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे क्रँकवर ओरखडा पडत नाही. रॉड कॅप ज्याची त्यालाच लावा.

पहिले 500 किमी 20डब्ल्यू-40 मिनरल ऑइल घालून चालवा. कमी-जास्त रेस देत सपाट रस्त्यावर धुळ्यापर्यंत जाऊन या. पाच माणसं भरून चाळीसगावहून कन्नड घाट चढू नका आणि दारात तासभर आयडलवरही ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. 500 किमीला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

एक व्यवहाराची गोष्ट: पाकीट फोडलं की बरेच दुकानदार माल परत घेत नाहीत. बोअर मोजून बदलून घेण्याची बोली पैसे देण्याआधीच करा आणि बिलावर तसं लिहून घ्या.