झेड-२८ की बॉस ३०२: एका हंगामानंतर माझं मत फिरलं

माझ्या १९६९च्या शेवरले कॅमारो झेड-२८चे इंजिन नंबर वर्कशॉपनं घासून टाकले. हेड गॅस्केटमधून पाणी झिरपत होतं, म्हणून इंजिन उघडायला दिलं. उजव्या हेडच्या पुढ्यात ब्लॉकवर जी नंबर ठोकलेली पट्टी असते तिला हात लावू नका, असं कामाच्या कागदावर लिहून दिलं होतं. तरी ब्लॉकचा माथा सपाट करताना त्यांनी पट्टीही मशीनखाली घेतली. झेड-२८च्या इंजिनाची 'डीझेड' ही खूण गेली, गाडीच्या नंबराचे आकडेही गेले. वर 'सरफेसिंग'चे पैसे लावले. ते मी दिलेले नाहीत आणि देणारही नाही.

मिशिगनच्या आमच्या गॅरेजमध्ये शेजारी मेहुण्यांची १९७०ची फोर्डची बॉस ३०२ मस्टँग उभी असते. एप्रिलपासून बर्फ पडेपर्यंत दोन्ही आलटूनपालटून चालवल्या. दोन्ही अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम शर्यतींच्या पाच लिटरच्या इंजिन-मर्यादेसाठी जन्मलेल्या, कागदावर दोन्हींना २९० हॉर्सपॉवर.

ऑगस्टपर्यंत मी झेड-२८च्याच बाजूचा होतो. तिच्या स्मॉल ब्लॉक शेवरले इंजिनाचे बरेचसे भाग कुठेही आणि परवडतील असे मिळतात. बॉसच्या हेड-पिस्टनचं काम म्हणजे खिसा रिकामा, आणि मूळ पिस्टनचे स्कर्ट तडकणं हे त्या इंजिनाचं जुनं दुखणं. बॉसच्या क्लीव्हलंड धाटणीच्या हेडची हवा-पेट्रोल आत घेणारी तोंडं एवढी मोठी, की सिग्नलवरून निघताना गाडी सुस्त वाटते. झेड-२८ही खालच्या आरपीएमला फार ओढत नाही, पण तिचे ०.०३० इंच गॅपचे टॅपेट खडखडत वर चढतात ते ऐकायला मला मनापासून आवडतं. ११:१ कॉम्प्रेशन आहे, त्यामुळे महागडं पेट्रोल घालावंच लागतं.

हे सगळं खरं असूनही आता मी बॉस घ्या म्हणेन. कारण नंबर.

१९६९च्या झेड-२८चा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १२४३७ने सुरू होतो, आणि साध्या व्ही-८ कॅमारो कूपेचाही तसाच. ओहायोतल्या नॉरवूड कारखान्यात बनलेल्या बऱ्याच गाड्यांच्या बॉडी प्लेटवर झेड-२८ची खूण म्हणून एक्स३३ किंवा एक्स७७ तरी असतं. माझी लॉस एंजेलिसच्या कारखान्याची, तिथे तेही नाही. अमेरिकेत विकलेल्या त्या गाड्यांच्या नोंदी शेवरलेची मालक कंपनी जीएमकडे मिळत नाहीत. म्हणजे त्या वर्षीच्या वीस हजारांहून जास्त झेड-२८पैकी माझी एक, हे सांगणारा मुख्य पुरावा ती बोटभर पट्टी होती. बॉसच्या व्हीआयएनमध्ये इंजिनचं 'जी' अक्षरच आहे. शिवाय मेहुण्यांनी गाडीचा मूळ तपशील सांगणारा मार्टी रिपोर्ट मागवला, तर रंग, ऑप्शन, डीलर, तारखा सगळं फोर्डच्याच नोंदींतून छापून आलं. बॉसचा ब्लॉक उद्या बदलावा लागला तरी गाडी बॉसच राहते.

तरीही झेड-२८ घेणार असाल तर प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे नव्या गाडीसोबत मिळणारी वॉरंटीची पत्र्याची पट्टी, मागा. त्या पत्र्यावर इंजिनचा कोड उमटलेला असतो. माझ्या गाडीसोबत ती आलीच नव्हती. इंजिनच्या पट्टीवर कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (मशीननं पृष्ठभाग तासण्याच्या) बारीक समांतर रेषा दिसतात का, तेही पाहा. गुळगुळीत पट्टीवर ठळक आकडे दिसले तर संशय घ्या.

वर्कशॉपवाले म्हणाले, नंबर परत ठोकून देतो. मी साफ नकार दिला. उघडण्याआधी काढलेले पट्टीचे फोटो फाइलला लावलेत आणि नुकसानभरपाईचं पत्र पाठवलंय. बॉस विकायची झाली तर आधी मला विचारा, असं मेहुण्यांना सांगून ठेवलंय.