कार्ट्रिज ब्रेक शू: त्र्यंबकच्या पावसाला कितपत पुरतात?

व्ही-ब्रेकच्या (म्हणजे दोन उभे आर्म शू घेऊन रिंगला दोन्ही बाजूंनी चिमटतात, त्या ब्रेकच्या) सायकलला बहुतेकदा अखंड रबराचे शू लावूनच येतात. नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या सिग्नलपुरते ते ठीक. पण वणीला सप्तशृंगीचा घाट उतरायचा असेल किंवा जुलैत त्र्यंबक करायचं असेल, तर 70 मिमीचे कार्ट्रिज शू घ्यावेत. यात धातूचा होल्डर कायम राहतो आणि रबराची पट्टी तेवढी बदलते. ती मागून सरकवायची, वर बारीक पिन. एकदा बसवलेला कोन पुढच्या पट्टीलाही कामी येतो, हीच यातली खरी कमाई.

होल्डरची उघडी बाजू मात्र मागेच हवी. ब्रेक दाबला की फिरती रिंग रबराला पुढे ओढते. तोंड पुढे असेल तर सगळा भार त्या पिनेवर येतो आणि ती तुटली की ऐन उतारावर पट्टी निसटते. डाव्या-उजव्याच्या खुणा आणि बाण होल्डरवर असतात. तरी दुकानातून उलटे बसवून आलेले शू दिसतात, त्यामुळे गाडी ताब्यात घेताना बघूनच घ्या.

बसवताना वेळ जातो तो वॉशरमध्ये. जाड 6 मिमी, पातळ 3 मिमी. आत कुठला नि बाहेर कुठला, हे रिंगच्या रुंदीवर ठरतं. ब्रेक दाबल्यावर दोन्ही आर्म साधारण समांतर उभे राहिले की जोडी जमली. शू रिंगच्या वरच्या कडेपासून 1 मिमी खाली ठेवा. वर गेला तर टायरची भिंत कापतो. फार खाली गेला तर न झिजलेल्या रबराची ओठासारखी कड उरते आणि ती रिंगखाली अडकते.

किंचाळणाऱ्या ब्रेकला टो-इन द्यायचा, म्हणजे शूचं पुढचं टोक आधी टेकलं पाहिजे. मागच्या टोकाखाली लग्नपत्रिकेचा जाड कागद घाला, लिव्हर दाबून धरा आणि 5 मिमीच्या ऍलन कीने 6 ते 8 न्यूटन-मीटरला आवळा. आवळताना शू फिरतो, म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटांनी धरून ठेवायचा.

मग केबल. बॅरल ऍडजस्टर (लिव्हरपाशी केबलचा ताण बदलणारा, हाताने फिरवायचा स्क्रू) पूर्ण आत घेऊन एक फेरा बाहेर काढा, दोन्ही बाजूंना 1 मिमी फट राखून केबल आवळा. एकच बाजू घासत असेल तर त्याच बाजूचा स्प्रिंगचा स्क्रू पाव-पाव फेरा उजवीकडे फिरवा. पण रिंगला आऊट असेल, म्हणजे ती फिरताना डावी-उजवीकडे डुलत असेल, तर आधी तो काढून घ्या, नाहीतर फट दर फेऱ्याला बदलत राहते आणि दोष शूला लागतो.

आता उणी बाजू. ओल्या रिंगवर पहिले एक-दोन फेरे पाणी पुसण्यातच जातात, शू कुठलाही असो. त्र्यंबक रस्त्यावर ब्रेक लवकर दाबायला लागा. शिवाय काळ्या पाषाणाची कच रबरात रुतते, सोबत रिंगचेच चमकते कण. करकर आवाज आला की चाक काढा, टाचणीने ते उपसा आणि 120 नंबरच्या पॉलिशपेपरने रबराचा चकाकता थर उतरवा. रिंग साबणाच्या पाण्याने धुवा. तेलाचा स्प्रे जवळही नको. पिन पावसात गंजून जाम होते, हा या शूंचा खरा वैताग. पट्टी काढताना थोडं साबणपाणी सोडलं की ती सरकते.

रिंगवरची झीज दाखवणारी खाच पुसली गेली असेल तर शूवर पैसे घालू नका. त्या सायकलला आधी नवी रिंग लागणार.