राणीचा शिक्का म्हणून १८ हजारांना विकलेलं गहाणखत

वेंगुर्ल्यात मामाच्या होमस्टेला उतरलेल्या एका पाहुण्याने जाता जाता त्याला एक जुनं चर्मपत्र विकलं. पिवळट, जाड कातडं, त्यावर वळणदार इंग्रजी, तळाला सह्यांशेजारी लाल लाखेचे दोन ठिपके आणि कडेला निळ्या कागदावर उठावाचा मुकुट. सोबत कथा अशी: १८१२ साली वेंगुर्लं इंग्रजांकडे गेलं, त्यानंतर इथल्या वखारीच्या जागेचं हे खत झालं आणि त्यावरची मोहोर खुद्द व्हिक्टोरिया राणीची. यातली १८१२ची गोष्ट खरी आहे, म्हणून बाकीचीही खरी वाटते.

गणपतीला गेलो तर खत फ्रेम होऊन पडवीत लागलेलं. मोबाइलवर फोटो मोठा करून वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीत राजा चौथा विल्यम, साल १८३२. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ला! पुढे केंट परगण्यातलं कुणाचं तरी शेत गहाण टाकलेलं. वेंगुर्ल्याचा उल्लेखही नाही. लाखेचे ठिपके खत करून देणाऱ्यांचेच. राजाची मोठी मोहोर चर्मपत्राखाली दोरीला किंवा फितीला लोंबते, तळहाताहून मोठी. आणि मुकुट मुद्रांक शुल्काचा. आपल्या स्टॅम्पपेपरवरचे सिंह दाखवून 'राष्ट्रपतींनी दिलेला कागद' म्हणावं, तसलाच प्रकार.

मामाचं आपलं एकच, "माका काय सांगतस, राणीचो शिक्को आसा तेच्यार!"

मुळात चर्मपत्र बनावट नाहीच, आणि अशी खतं विकणाऱ्यांची खुबी तीच आहे. इंग्लंडात १९२५च्या जमीन कायद्यांनंतर असल्या जुन्या खतांची गरज उरली नाही. वकिलांच्या कचेऱ्यांतून ती ढिगाने बाहेर पडली, काहींच्या तर दिव्याच्या शेड झाल्या. आपल्याकडे त्यांना नवी कुळकथा चिकटवतात.

बिलावर फक्त 'जुना इंग्रजी दस्त'. जास्त लिहिलं तर पुरातत्त्व खात्याची माणसं दारात येतील, असं त्या पाहुण्याने मामाला घाबरवलेलं. १९७२च्या कायद्याने महत्त्वाचं ७५ वर्षांवरचं हस्तलिखित पुरावस्तूत मोडतं, हे खरं. पण त्याच कायद्याने विकणाऱ्याला परवाना लागतो. तो आधी मागा, आणि सांगितलेली कथा सहीनिशी बिलावर लिहून घ्या.

त्या पाहुण्याला फोन केला तर म्हणाला, "दस्त जुना आहे ना? मग खोटं काय विकलं?" सध्या विजयदुर्गाकडे फिरतोय म्हणे. तिथे हीच खतं आंग्र्यांची झालीत.