मियाताचं छत बदललं, काम झकास पण फोन उचलत नाहीत

माझी 1994 ची माझदा मियाता, म्हणजे घडी होणाऱ्या छताची छोटी गाडी, मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडून इतकी धुरकट झालेली की रिव्हर्स घेताना बायकोला खाली उतरावं लागायचं. शेवटी इथे न्यू जर्सीतच घराजवळच्या एका अपहोल्स्ट्रीवाल्याकडे दिली. त्याने छताला हात लावायच्या आधी सीटमागचं कार्पेट उचललं, खाली पाणी! म्हणे छत फाटलंय ते दिसतंय, पण आतली रेन रेलपण (छतावरचं पाणी ड्रेनकडे नेणारी प्लॅस्टिकची पन्हळ) तडकलीय, ती आत्ताच बदल, नाहीतर नंतर सगळं परत खोलावं लागेल. मला वाटलं बिल फुगवतोय, पण बोटाने दाबली तर बिस्किटासारखी तुटली हो. ड्रेनमधून तर कुजलेल्या पानांचं अख्खं खत निघालं.

व्हिनाइल स्वस्त पडतं, पण मी कापडीच घेतलं आणि मागे खरी काच, म्हणजे आता छत दुमडायच्या आधी चेन उघडून खिडकी सोडवत बसायला नको. नवं छत भलतंच ताठ असतं, पहिले काही दिवस लॅच लावायला आम्ही दोघं लागायचो, उन्हात बंद करून ठेव सैल होईल म्हणाला, तसंच झालं.

दोन दिवस सांगून आठ लावले, फोन उचलायचा नाही, डाव्या कोपऱ्यात चिकटवायच्या सोल्यूशनचा डाग राहिलाय तो वेगळाच. पण काल धो धो पाऊस झाला, सीटमागे हात घालून बघितलं, कोरडं ठाक. चार स्टार.