‘वी आर ओके’: सुट्टीत घरी न गेलेल्या मुलीची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवर थांबायचं तर आमच्याकडे पालकांच्या सहीचा अर्ज लागतो. त्यात कारणाचा रकाना आहे. सगळ्या जणी तिथे ‘अभ्यास’ लिहितात. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. तो अभ्यास कुठल्या विषयाचा, हे निम्म्या वेळा मला माहीत असतं आणि मी विचारत नाही. त्यामुळे एका मुलीने खोली सोडताना ऑफिसच्या कपाटात ठेवून दिलेली, नीना लाकूर या अमेरिकन लेखिकेची ‘वी आर ओके’ ही इंग्रजी कादंबरी मी चाळायला घेतली आणि पहिल्याच प्रकरणात सरसावून बसले. ही तर रकान्यात ‘अभ्यास’ लिहिणाऱ्या मुलीची गोष्ट.

मरिन अठरा वर्षांची, मूळची सॅन फ्रान्सिस्कोची. शिकायला पार दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यात आलेली. नाताळच्या सुट्टीत रूममेट हॅना घरी गेली आहे, सगळी इमारत रिकामी झाली आहे आणि बाहेर बर्फ. मरिनला जायला घरच नाही. आई ती अगदी लहान असताना सर्फिंग करताना गेली, आजोबांनी वाढवलं, आणि कॉलेज सुरू होण्याच्या तोंडावर आजोबाही गेले. ती त्याच वेळी अंगावरच्या कपड्यांनिशी निघून आली. त्यानंतर मेबल नावाच्या जिवलग मैत्रिणीच्या एकाही मेसेजला तिने उत्तर दिलेलं नाही. आता तीच मेबल तीन दिवसांसाठी येते आहे.

मेबल नुसती मैत्रीण नव्हती. कॉलेजला जाण्याआधीच्या उन्हाळ्यात दोघी एकमेकींच्या प्रेमात पडल्या. पुस्तकात याचा गाजावाजा नाही, कुणी आकांडतांडव करत नाही, आणि मला ते फार बरं वाटलं. अशा दोघी आमच्याकडेही असतात. माझ्या लक्षात येतं, पण रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नाही आणि नसलेलाच बरा.

पहिलं प्रेम हरवल्याच्या कादंबऱ्यांत बहुतेक वेळा कुणीतरी मरतं किंवा दगा देतं. इथे दोघी जिवंत आहेत, भांडणही झालेलं नाही. एकीने फोन उचलला नाही, एवढंच. तेवढ्या महिन्यांत दुसरी पुढे गेली. आता तिला बॉयफ्रेंड आहे. म्हणजे आजोबा नशिबाने नेले, पण मेबलला मरिनने स्वतःच्या हाताने घालवलं. दुःखात बुडालेल्या माणसाने मागे राहिलेल्यांचं काय करून ठेवलं, हे लेखिका मरिनला विचारायला लावते. सहानुभूतीच्या नावाखाली तिला सूट देत नाही. मेबलचा राग खरा आहे, आणि राग असूनही ती विमानात बसून आली आहे. पुस्तकातलं मला सगळ्यात पटलेलं पात्र तीच.

लाकूर बारीक गोष्टी फार नीट पाहतात. खोलीत हॅनाची बाजू भरलेली, मरिनची भिंत कोरी. मेबल येणार म्हणून मरिन घाईघाईने तिथे काहीबाही लावते, आपलं इथे बरं चाललंय असं दिसावं म्हणून. मी राउंडला जाते तेव्हा फोटोंनी भरलेल्या भिंतींची मला काळजी नसते. पण आई-वडील भेटायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी एखादी मुलगी अचानक भिंत सजवायला लागली, की मी दारात जरा जास्त वेळ उभी राहते. अमेरिकेतल्या बाईला हे कसं ठाऊक, असं मनात येऊन गेलं.

मधली प्रकरणं मागच्या उन्हाळ्यातली. ओशन बीचजवळचं घर, आईला ओळखणारे आणि मरिनला शंख-शिंपले आणून देणारे सर्फर, आजोबांचे पत्त्यांचे दोस्त. घराच्या मागच्या बाजूला आजोबांच्या खोल्या, तिथे नात कधी जात नाही. ‘बर्डी’ नावाच्या बाईला ते पत्रं लिहितात, उत्तरं येतात. प्रेमळ म्हातारा आहे हो, पण काहीतरी चुकतंय, हे वाचकाला मरिनच्या आधी कळायला लागतं. त्या खोल्यांत काय आहे ते इथे फोडत नाही. एवढंच सांगते, की मरिनला नुसतं रडू येत नाही, तिला फसवल्यासारखं वाटतं. गेलेल्या माणसावर रागवायचं कसं, हा पेच आपल्याकडे तेराव्याच्या गडबडीत कुणी बोलूनही दाखवत नाही.

आता तक्रारी. ‘जेन एअर’ ही जुनी इंग्रजी कादंबरी आणि भुताखेतांच्या गोष्टींवरच्या चर्चा दोघींच्या तोंडी जरा लांबतात. ज्याने ती पुस्तकं वाचलेली नाहीत त्याने ती पानं भराभर उलटावीत, काही बिघडत नाही. शिवाय भली माणसं फार वेळेवर भेटतात. वादळात वीज जाते तेव्हा कॉलेजच्या आवाराची देखभाल करणारा गृहस्थ दोघींना आपल्या घरी झोपायला नेतो. माणूस सज्जन आहे, मान्य. पण माझ्यातली रेक्टर त्या पानावर ताडकन उठून बसली. कुणाला कळवलं? कुणाची परवानगी? शेवटही माझ्या चवीला जरासा गोडच आहे, जरी तो गोडवा मेबलच्या घरच्यांमुळे आधीपासून मुरत आलेला असला तरी.

पुस्तक २०१७चं, आणि २०१८ साली त्याला अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेचा कुमारवयीन साहित्याचा प्रिंट्झ पुरस्कार मिळाला. आकाराने छोटं, इंग्रजी सोपं, वाक्यं आखूड. मराठी माध्यमातून आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलीलाही जड जाऊ नये. मात्र घटना हवी असणाऱ्यांनी वाटेला जाऊ नये. तीन दिवस, दोन मुली, एक खोली आणि बरीचशी शांतता, एवढाच ऐवज आहे. ज्या मुलीच्या घरात नुकतंच कुणी गेलंय तिला मी हे आपणहून देणार नाही. ती मागेल तेव्हा देईन. तिच्या मैत्रिणीला मात्र आजच देईन, जिच्या मेसेजवर निळी खूण येते आणि उत्तर येत नाही.

मागच्या खोल्यांचं दार उघडतं तिथून पुढे मात्र एका बैठकीत वाचा. मी मध्ये ठेवून जेवायला गेले, आणि मेसच्या मावशींना भाजी बिघडली की काय असं वाटलं.